मिसरीची डबी आणि कॉलेजची मुलगी

आज एका चुकीच्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे. हा प्रश्न मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षे भोकरच्या माझ्या दवाखान्यात विचारत आलो. ‘तंबाखू खातेस का?’ समोरची मुलगी कॉलेजात शिकणारी असली तर विचारतानाच थोडा संकोच वाटायचा, आणि उत्तर ठरलेले असायचे. ‘नाही, सर.’ मी केसपेपरवर ‘व्यसन : नाही’ असे लिहून पुढे जात असे. ती मुलगी खोटे बोलत नव्हती. मीच चुकीचे विचारत होतो.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आली. नाव-गाव सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. वय एकोणीस, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. गाव आडवळणाचे, एस.टी.चा भरवसा नाही, म्हणून दोन मैत्रिणींसोबत भोकरमध्ये खोली करून राहते. चक्कर येते, छातीत जळजळ होते, जेवण जात नाही, पुस्तक उघडले की डोके दुखायला लागते, अशा तक्रारी. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. यात मला नवल वाटले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे माझ्यासमोर बसणाऱ्या दर दोन बायकांमधली एक. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली, पित्ताचे औषध दिले, पालेभाजी आणि गूळ-शेंगदाणे खायला सांगितले.

दीड महिन्याने ती परत आली. हिमोग्लोबिन जेमतेम अर्ध्या अंकाने वाढलेले, आणि आता नवी तक्रार : तिखट लागले की खालच्या ओठाच्या आत आग होते. बॅटरी घेऊन ओठ उलटून पाहिला. दात आणि ओठ यांच्यामधल्या खोबणीत नखाएवढा पांढरट, सुरकुतलेला चट्टा होता. कापसाने पुसून पाहिला, निघाला नाही. तिथल्या हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडली होती. असे चट्टे मी खूप पाहिले आहेत, पण ते चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांच्या तोंडात. मी पुन्हा विचारले, ‘तंबाखू खातेस का गं?’ तिचा चेहरा पडला. ‘नाही सर, शपथ!’ डोळ्यांत पाणी आले. तिला तो प्रश्न अपमानाचा वाटला होता.

माझ्याकडे काम करणाऱ्या सिस्टरबाई याच भागातल्या. त्या पट्टी बांधता बांधता पलीकडून म्हणाल्या, ‘दात कशानं घासतीस बाई?’

‘मिसरीनं.’

‘दिवसातून किती बार?’

ती घुटमळली. मग म्हणाली, ‘सकाळी एकदा. कॉलेजातून आल्यावर एकदा. अन् रात्री अभ्यासाला बसले की दोन-तीनदा.’

रात्री अभ्यासाला बसल्यावर कुणी दोन-तीनदा दात घासत नाही.

मिसरी म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. कुणी मिश्री म्हणते, पुण्या-मुंबईकडे मशेरी म्हणतात. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. मग बोटाने दातांना, हिरड्यांना लावून बसायचे. दात घासायला दोन मिनिटे लागतात, मिसरी मात्र पाव-अर्धा तास तोंडात असते. पुष्कळांचा समज असा, की भाजल्यावर तंबाखूतले विष जळून जाते. तसे होत नाही. निकोटिन शिल्लक राहते, कर्करोग करणारी द्रव्ये शिल्लक राहतात, आणि करपवण्यातून धुरातल्यासारखी आणखी काही तयार होतात. हिरडीची कातडी पातळ असते, तिच्यातून निकोटिन सरळ रक्तात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा धूररहित तंबाखूला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. त्यात चघळण्याची आणि दातांना लावण्याची असा भेद नाही.

माझ्या आईचीही डबी होती. पितळेची, झाकणाला बारीक साखळी असलेली, चुलीवरच्या कोनाड्यात ठेवलेली. तंबाखू भाजायच्या दिवशी घरभर असा ठसका उठायचा की आम्ही पोरे अंगणात पळायचो. मी अंबाजोगाईला एम.बी.बी.एस.ला असताना सुट्टीत घरी आलो आणि नव्या ज्ञानाच्या तोऱ्यात आईला व्याख्यान दिले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘अरे, ही काय तंबाखू हाय व्हय? तंबाखू तुझे काका खातेत. ही तर दात घासायची हाय.’ मी हसलो आणि विषय सोडून दिला. ते वाक्य मी घरातले विनोद म्हणून कितीतरी वेळा सांगितले आहे. माझ्या पेशंटही तेच मानत असतील आणि म्हणून माझ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणत असतील, हे ध्यानात यायला मला इतकी वर्षे लागली.

आकडे काय सांगतात? मुंबईत १९९२ ते १९९४ या काळात पस्तीस वर्षे व त्यावरील सुमारे एक लाख लोकांची पाहणी झाली. त्यात ५७.५ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या, जवळजवळ सगळ्या धूररहित, आणि त्यात मिसरीचा वाटा मोठा होता. म्हणजे ही केवळ खेड्याची गोष्ट नाही. अलीकडचे पाहू. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरील १६.६ टक्के स्त्रिया धूररहित तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्या होत्या १.४ टक्के. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. ३१ मे रोजी, तंबाखूविरोधी दिनाला, कॉलेजांत जी भित्तिपत्रके लागतात त्यांच्यावर मात्र काय असते? जळती सिगारेट, धुराची कवटी, फार तर गुटख्याची पुडी. सगळे मुलांसाठी. मुली टाळ्या वाजवतात, शपथ घेतात, खोलीवर जाऊन ‘दात घासतात’.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजने मलाच अशा कार्यक्रमाला बोलावले होते. सभागृहात निम्म्याहून जास्त मुली होत्या. मी पाऊण तास सिगारेट, फुप्फुसे आणि गुटख्यावर बोललो. नारळ-शाल घेऊन परत आलो. मिसरी हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नाही. आता विचार करतो तर लाज वाटते.

अमेरिकेत सिगारेट कंपन्यांना बायकांपर्यंत पोहोचायला केवढा खटाटोप करावा लागला होता. १९२९ मध्ये एडवर्ड बर्नेज नावाच्या जाहिरातशास्त्रातल्या माणसाने न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या मिरवणुकीत तरुण मुलींना भर रस्त्यात सिगारेटी ओढायला लावल्या आणि त्या सिगारेटींना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणवले. आपल्याकडे असल्या उचापतीची गरजच पडली नाही. आजीच्या कोनाड्यातून ती डबी नातीच्या दप्तरात येते. दाढ दुखली की आजी म्हणते, जरा मिसरी धर. पोट साफ होत नाही, मिसरी लाव. वास येतो तोंडाला, मिसरी लाव. सुरुवात औषध म्हणूनच होते, आणि औषध घरातल्या मोठ्या माणसाने दिलेले असते.

मग ही मुलगी शिकायला बाहेर पडते. सकाळच्या पहिल्या गाडीसाठी पहाटे उठते, किंवा खोलीवर एका वेळच्या स्वयंपाकात दोन वेळा भागवते. निकोटिनने भूक मरते, हे तिला कुणी शिकवलेले नसते, पण अंगाला कळते. मिसरी लावली की न्याहारीवाचून दुपारपर्यंत निभते. मिसरीने रक्त कमी होते असे सरळ विधान मी करणार नाही. पण जिच्या रक्तात आधीच खोट आहे, महिन्याची पाळी जास्त जाते, आणि जी भुकेला मिसरीने गप्प करते, तिच्या अंगी माझ्या लोहाच्या गोळ्या कशा लागाव्यात?

अभ्यासाचे तर आणखी वेगळे. ती मुलगी मला म्हणाली, ‘सर, मिसरी लावल्याबिगर डोक्यात काही शिरतच नाही.’ तिचे म्हणणे खरे आहे, पण कारण उलटे आहे. निकोटिन मेंदूला मिळाले की थोडा वेळ तरतरी येते. रोज मिळू लागले की मेंदू त्याच्यावाचून काम करायला नाखूष होतो. दोन-तीन तासांनी रक्तातले निकोटिन उतरते. मग डोके दुखते, चिडचिड होते, ओळीवर नजर ठरत नाही. पुन्हा मिसरी लावली की बरे वाटते. मुलीला वाटते मिसरीने अभ्यास होतो. खरे म्हणजे अभ्यास मोडलेला असतो मिसरीनेच, आणि डागडुजीही तीच करते. पोटाचेही तसेच. जिचे पोट मिसरीशिवाय साफ होत नाही, तिला मिसरी सोडल्यावर आठ-पंधरा दिवस बद्धकोष्ठ होणारच. तेवढ्यावरून ‘मला मिसरी लागतेच’ असा निष्कर्ष निघतो.

लातूर आणि नांदेडला आता वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी गावोगावच्या हजारो मुली खोल्या आणि वसतिगृहे घेऊन राहतात. बारा-बारा तास अभ्यास, घरची आठवण, आईबापाने काढलेले कर्ज. अशा मुलींच्या पेटीत चटणीच्या डब्याशेजारी आणखी एक डबी जात असेल तर ती कुणी पाहिलेली नसते, कारण ती बघायची असते हेच कुणाला ठाऊक नसते. मला हे ठाऊक आहे, कारण त्या प्रसंगानंतर मी प्रश्न बदलला. प्रत्येक मुलीला आता ‘दात कशाने घासतेस आणि किती वेळा’ असे विचारतो. मोजदाद ठेवलेली नाही, तेव्हा टक्केवारी सांगत नाही. पण ‘मिसरी’ हे उत्तर मला महिन्यातून अनेकदा मिळते, आणि ते देताना मुली मुळीच लाजत नाहीत. लाजतात त्या ‘किती वेळा’ला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, काहींना आवडणार नाही. पुण्या-मुंबईत एखादी कॉलेजकन्या सिगारेट ओढताना दिसली की आपल्याकडच्या चार मंडळींच्या कपाळावर आठ्या चढतात. संस्कार बुडाले, पाश्चात्त्यांचे अनुकरण, वगैरे. हीच मंडळी घरात सुनेला ‘बाजारातून तंबाखू आण गं, मिसरी संपली’ म्हणतात. त्यांचा राग तंबाखूवर नसतोच, मुलीने चारचौघांत ओढली यावर असतो. कॉलेजासमोरच्या टपरीवर मुलगे उभे राहून ओढतात तेव्हा यांच्यातले कुणी थांबत नाही. शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, अठरा वर्षांखालच्यांना विकायलाही मनाई आहे. ती टपरी तरी कुठे हलली? म्हणून या विषयात मला चारित्र्याची भाषा नको वाटते. ती सुरू झाली की मुलगी आधी डबी लपवते, मग तोंडातला चट्टा लपवते. चट्टा लपवला की माझ्यासारख्या डॉक्टरच्या हाताशी काही उरत नाही.

‘डॉक्टरसाहेब, आमची आजी नव्वद वर्षांची होऊन गेली, जन्मभर मिसरी लावली, तिला काही झाले नाही,’ हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. माझी आईही अठ्ठ्याहत्तर वर्षे जगली. पण ज्या बाईला चाळिशीत गालाचा कॅन्सर झाला, मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयाच्या दोन वाऱ्या होऊन घरदार विकायची वेळ आली, तिची नातवंडे दवाखान्यात येऊन साक्ष देत नाहीत. तिला नातवंडे पाहायलाच मिळाली नाहीत. प्रत्येक मिसरी लावणारीला कॅन्सर होतो असे मुळीच नाही. कुणाला होणार हे मात्र आधी ओळखता येत नाही.

शिकणाऱ्या मुलीच्या बाबतीत आणखी एका गोष्टीची मला धास्ती वाटते. ती आज एकोणीस वर्षांची आहे. तीन-चार वर्षांत लग्न होईल, डबी सासरी जाईल, आणि पुढे ती गरोदर असताना कुणीही विचारणार नाही. उलट मळमळीवर मिसरी चांगली म्हणून सांगणारे घरातच निघतील. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला होता. धूररहित तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. भरल्या अंगाच्या बाईच्या तीन किलोच्या बाळात शंभर ग्रॅम कळणार नाहीत. आपल्याकडच्या दोन-सव्वादोन किलोच्या बाळाला ते कळतात.

मग करायचे काय? सरकारने केले ते अर्धवट का होईना, बरे केले. १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला बंदी झाली. २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा छापावा लागतो. पण आठवडी बाजारात सुटी घेतलेल्या आणि घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूवर कोण चित्र छापणार? इथे कायद्याचा हात पोहोचत नाही. वसतिगृहात मुलींच्या पेट्या तपासा, असेही एक प्राध्यापक मला म्हणाले. माझा त्याला सक्त विरोध आहे. झडतीने एक डबी सापडेल आणि दहा मुली दवाखान्यात यायच्या बंद होतील.

माझी मागणी साधी आहे. आम्ही डॉक्टरांनी, आशाताईंनी, नर्सबाईंनी प्रश्न बदलावा. कॉलेजच्या आरोग्य तपासणीत मुलींचे वजन-उंची बघता तसे तोंड उघडून बघा, ओठ आणि गाल उलटून बघा. त्याला बॅटरी आणि एक मिनिट लागते. तंबाखूविरोधी कार्यक्रमात मिसरीचे नाव घ्या, आणि बोलायला शक्य तर बाई डॉक्टर बोलवा. भाषण झाल्यावर मुलींना त्यांच्याशी एकेकट्याने बोलू द्या, कारण खरे प्रश्न तिथे निघतात.

ज्या मुलींना सोडायची आहे त्यांच्यासाठी थोडे. एकदम सोडली तर पहिले तीन-चार दिवस फार वाईट जातात : डोके दुखते, रडू येते, झोप लागत नाही. तीन-चार आठवड्यांत हे ओसरते. परीक्षेच्या तोंडावर सुरुवात करू नका, सुट्टी लागल्याबरोबर करा. आधी रात्रीची वेळ सोडा, ती सर्वांत चिवट असते. तल्लफ आली की तोंडात बडीशेप किंवा लवंग धरा. पाच-दहा मिनिटांत तल्लफ उतरते. सुपारी मात्र धरू नका, ती स्वतःच कर्करोग करते. पोटासाठी पाणी, पालेभाजी, पेरू, गरज पडली तर इसबगोल. सकाळी उपाशी निघू नका, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गूळ तरी खा. दातांना साधा ब्रश आणि साधी पेस्ट पुरते. काळ्या-लाल मंजनाच्या पुडीवर घटक छापलेले नसतील तर ती घेऊ नका. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारे तोंडातले फोड, तोंड कमी उघडणे, यातले काही असेल तर दातांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. मिसरी सोडली तर असे पुष्कळ चट्टे हळूहळू मावळतात, पण ते मावळले की नाही हे डॉक्टरनेच ठरवायचे. राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे आपल्या भाषेत बोलता येते आणि नाव कळवावे लागत नाही. निकोटिनचे च्युइंगगमही मिळते, पण ते डॉक्टरला विचारून, आणि दिवस गेलेले असतील तर विचारल्यावाचून मुळीच नाही.

त्या मुलीला मी नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले. चट्ट्याचा तुकडा तपासला, कॅन्सर नाही, पण लक्ष ठेवायला सांगितले आहे. तिने दिवाळीच्या सुट्टीत मिसरी सोडली. पेपर सुरू झाले तशी पुन्हा लावली. मला सांगताना रडली. मी म्हणालो, असे होते, पुन्हा सोड. संक्रांतीच्या आसपास तिने पुन्हा सोडली आणि लिहीपर्यंत तरी सुटलेली आहे. हिमोग्लोबिन १०.१ आहे. चट्टा लहान झाला आहे, गेलेला नाही.

मागच्या गुरुवारी तिची आई सोबत आली होती. बोलता बोलता कळले की आईच्या कनवटीला डबी आहेच, आणि घरी दहावीतली धाकटी बहीणही त्याच डबीत बोट घालते. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘डाक्टरसाहेब, हिचं सुटलं ते बरं झालं. पण घरी गेली की पुन्हा वास येतोच ना. मग मी काय करू?’ मी तिचेही तोंड तपासले. तिच्या उजव्या गालाच्या आत एक चट्टा आहे, मुलीच्यापेक्षा मोठा आणि कडेने लालसर. येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने त्या दोघी नांदेडला जाणार आहेत. या वेळी केसपेपर आईच्या नावाचा आहे.